काट न मारलेली खूण

थोरला : गार आहे ना, हात लावून बघ. नुसतं ‘हो’ म्हणू नकोस.

धाकटा : दादा, तुझी जीप चार महिने जागची हललेली नाही. गार नसेल तर काय, ताप आलाय तिला?

थोरला : तरी बघ. तापल्या इंजिनावर गार पाणी पडलं की तडा जातो. तीस वर्षं कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होतो मी. ‘गार आहे साहेब’ म्हणणारेच जास्त भाजायचे.

धाकटा : गार आहे. पुढे?

थोरला : बॅटरी. आधी काळी वायर सोडव, मग लाल. लावताना उलटं, आधी लाल, मग काळी. माझ्याच्याने झालं असतं तर तुला बोलावलं नसतं बारक्या. हा हात बघ. पाना धरला की पाना नाचायला लागतो.

धाकटा : मी हाताचं काही बोललो का?

थोरला : तुझं तोंड बोलतंय. आल्यापासून एरंडेल प्यायल्यासारखं करून उभा आहेस.

धाकटा : मग काय नाचू? या गाडीला जन्मात हात लावणार नाही म्हटलं होतं. पोरीने गळ घातली म्हणून आलो. जगात हजार गाड्या असतील, माझ्या पोरीला द्यायला तुला हीच सापडली?

थोरला : जनावरांची डॉक्टर आहे ती. कच्च्या रस्त्यांनी गोठेच्या गोठे पालथे घालायचे तिला. स्कूटर किती दिवस पुरणार? ही दणकट आहे, माझ्या दारात नुसती उभी आहे, आणि मला मूलबाळ नाही. मग कुणाला देऊ? भंगारवाल्याला?

धाकटा : कारखान्याने भंगारातच काढली होती. तू उचलून आणलीस. तेव्हाही विचारलं होतं मी, कशाला आणलीस म्हणून. तेव्हाही असंच काहीतरी सांगितलंस.

थोरला : चांगली गाडी होती.

धाकटा : चांगली! कँटीनच्या बाईचा पाय गेला हिच्यात.

थोरला : तो काही गाडीने नाही घेतला.

धाकटा : काय म्हणालास?

थोरला : तसं नव्हतं म्हणायचं मला. झालं ते झालं.

धाकटा : बोल की. गाडीने नाही, मी घेतला. सगळं जग म्हणतं, तू एकटा कशाला मागे राहतोस?

थोरला : काळी वायर सुटली का?

धाकटा : सुटली. लालही सुटली.

थोरला : कपडा गुंडाळ टोकाला. आता त्या पिशव्या घे. डायनॅमोला एक, एअर फिल्टरच्या तोंडाला एक, फ्यूजच्या डब्याला एक. वरून रबर लाव. पाणी तिथे गेलं की संपलं.

धाकटा : दुधाच्या पिशव्या आहेत या.

थोरला : तुझ्या वहिनीने धुऊन वाळत घातल्या होत्या.

धाकटा : विचारून घेतल्यास?

थोरला : विचारलं असतं तर मिळाल्या असत्या का? आणि ती झारीही तिच्याच कुंड्यांची आहे, तेव्हा आवाज कमी. पाणी झारीनेच घालायचं. पाइप लावून जोराने मारलं की नको तिथे घुसतं. लोक घरी इंजिन धुतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत गॅरेजात आणतात, ते एवढ्यासाठी.

धाकटा : आणि ही बाटली?

थोरला : डिग्रीजर. तेलकट मळ सोडवतं. चष्मा घाल आधी, हातमोजेही घाल. खालून वर फवारत ये. पाच मिनिटं थांबायचं, मग ब्रश. पेट्रोलने पुसायचं नाही, कुणी कितीही सांगो. आमच्याकडच्या एका हेल्परने पुसलं होतं. त्याला भुवया परत आल्याच नाहीत. आणि खाली तो पत्र्याचा ट्रे सरकव. काळं पाणी गटारात नको, शेजारीण वाटच बघत असते.

धाकटा : तू निवृत्त झालास हे तुला कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे.

थोरला : मागच्या पत्र्याकडे मात्र जाऊ नकोस.

धाकटा : कुठला मागचा?

थोरला : इंजिनाच्या मागे उभा पत्रा आहे ना, ज्याच्या पलीकडे ड्रायव्हरचे पाय येतात. तिथलं वायरिंग जुनं झालंय. हात लावला की तुटेल. तिथे ग्रीस आहे ते राहू दे तसंच. पुढचं आणि वरचं चकचकीत केलंस तरी पुष्कळ.

धाकटा : ती म्हणाली सगळं धुवा. म्हणाली, बाबा, मला तेल कुठून गळतंय ते दिसलं पाहिजे. मळावर मळ बसला की आजार कळत नाही.

थोरला : डॉक्टरीणबाईंना काय, सगळ्यांची नाडी बघायची सवय. घास तू. वरून नको, कोपऱ्यातून. जुना टूथब्रश घे.

धाकटा : दादा, इथे पाइपावर काहीतरी पिवळं आहे. रंगाचा गोल दिसतोय. आत तारीख, आणि वरून काट मारलीय.

थोरला : दिसला का? अरे, ती माझी पद्धत! बाकीचे लोक आधी गाडी धुवायचे आणि मग गळती शोधायचे. धुतल्यावर काय सापडणार, कपाळ? तेल जिथून झिरपतं तिथेच धूळ चिकटते. ती ओली धूळ म्हणजे साक्षीदार. आधी बघायचं, मग पाणी. पाण्याआधी मी पिवळ्या ऑइलपेंटने गोल काढायचो, तारीख टाकायचो. दुरुस्ती झाली की स्वतःच्या हाताने काट मारायचो. काट नसलेला गोल घेऊन एकही गाडी माझ्या फाटकाबाहेर जायची नाही. सगळ्या फिटर लोकांना ठाऊक होतं.

धाकटा : ड्रायव्हरांना नव्हतं.

थोरला : ड्रायव्हरांना बॉनेट उघडायला बंदी होती. साहेबांचा नियम.

धाकटा : ते मात्र आठवतंय. आम्ही फक्त बसायचं आणि चालवायचं. नंतर तर मला चालवायचंही नव्हतं. फाटकावर बसून दांडी वर, दांडी खाली. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना सलाम ठोकला.

थोरला : ती नोकरी मी मिळवून दिली होती, विसरू नकोस. साहेब तर तुला घरीच बसवणार होते.

धाकटा : विसरलो कुठे? वहिनी दर वेळी दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर आठवण करून देते. ‘ह्यांनी शब्द टाकला म्हणून’.

थोरला : आता झारी. हळू. धार पुढून मागे नको, मागून पुढे घे.

धाकटा : मळ काय निघतोय! तुझ्या पोटातही एवढा नसेल.

थोरला : घास, बोलू नकोस.

धाकटा : दादा, एक सांगू? तो मळ बघून आठवलं. चौकशीच्या दिवशी मला जीप दाखवायला नेलं होतं. बॉनेट उघडलं तर आत सगळं लखलखीत. अख्खं इंजिन आरशासारखं. तपासायला आलेला इन्स्पेक्टर म्हणाला, एवढी निगा राखणाऱ्या वर्कशॉपच्या गाडीचा ब्रेक कसा निकामी होईल? त्याने पेडल दाबलं, पेडल घट्ट. मीही दाबलं. घट्ट.

थोरला : जुन्या गोष्टी उगाळून काय चंदन निघणार आहे का?

धाकटा : मी त्याला सांगत होतो, साहेब, त्या दिवशी पेडल पार तळाला गेलं, पोकळ, जणू खाली काही नव्हतंच. त्याने माझ्याकडे असं बघितलं, दादा, वेड्याकडे बघावं तसं. मग म्हणाला, घाबरल्यावर माणसाचा पाय क्लचवर पडतो आणि त्याला वाटतं आपण ब्रेकच दाबला. होतं असं.

थोरला : होतंच असं.

धाकटा : तूही तेव्हा असंच म्हणालास. माझ्या शेजारी उभा होतास. म्हणालास, ‘बारक्या, पाय चुकला असेल. सही कर आणि मोकळा हो.’ केली सही. घरी बायको म्हणाली, डुलकी लागली असेल तुम्हाला. आईने मरताना विचारलं, बाळा, घेतली होतीस का रे त्या दिवशी? आयुष्यात थेंब नाही घेतला मी.

थोरला : पुरे. पुढच्या बाजूला एक झारी अजून घाल, झालं.

धाकटा : मागचं राहिलंय.

थोरला : मागचं नाही करायचं म्हटलं ना!

धाकटा : ओरडतोस कशाला? वायर तर इथे एकही नाही. सगळ्या त्या कडेने गेल्यात. इथे नुसतं ग्रीस थापलंय बोटभर.

थोरला : गंजू नये म्हणून.

धाकटा : ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या खाली, मागच्या पत्र्याला ग्रीस? कोण लावतं तिथे?

थोरला : मी लावतो. बारक्या, सोड ते. आत चल, चहा झाला असेल.

धाकटा : पोरगी चालवणार आहे ही. ब्रेकच्या इथे काही लपलंय का ते बघणार मी. ती सुरी दे. नाही तर राहू दे, माझीच किल्ली पुरे.

थोरला : मोठा भाऊ सांगतो ते एकदा तरी ऐकावं माणसाने.

धाकटा : एकदा ऐकलं होतं. हे बघ, खालचा रंग पार सोललाय. पत्रा उघडा पडलाय. ब्रेक ऑइल सांडलं की रंग खातं, हे तूच शिकवलंस मला लहानपणी. म्हणजे इथे गळत होतं.

थोरला : जुनी गाडी आहे. कधी ना कधी सगळंच गळतं.

धाकटा : हो? इथे पिवळं आहे.

थोरला : असेल.

धाकटा : गोल आहे. तुझा गोल. थांब, डिग्रीजर मारतो. तारीखही आहे. अकरा... महिना तोच. साल...

थोरला : चष्मा नीट घाल, डोळ्यात जाईल.

धाकटा : साल तेच आहे. अकरा तारीख. मी गाडी नेली तेरा तारखेला. काट नाही या गोलावर. दादा, काट कुठे आहे?

थोरला : नाही मारली.

धाकटा : म्हणजे तुला माहीत होतं.

थोरला : बस आधी. त्या स्टुलावर बस.

धाकटा : दोन दिवस आधी तुला माहीत होतं!

थोरला : सिलिंडरमधले रबर गेले होते. थेंब थेंब गळत होतं. नवे सुटे भाग मागवले होते, आले नव्हते. मी साहेबांना सांगितलं, ही जीप उभी करतो. ते म्हणाले, पाहुणे यायचेत, गाडी उभी करायची नाही, ऑइल भर आणि चालव. मी भरलं. वाटलं, चार दिवस निघतील.

धाकटा : चार दिवस!

थोरला : आणि ती तुझ्याकडे जाणारच नव्हती. तेराला दुसऱ्या ड्रायव्हरची पाळी होती. तो सकाळी आलाच नाही. मी स्टोअरमध्ये होतो. बाहेर येतो तर तू कँटीनच्या बाईला बाजाराला घेऊन फाटकाकडे निघालेला.

धाकटा : दुसरा ड्रायव्हर असता तर चाललं असतं तुला. त्याचं कुणी रडणारं नव्हतं?

थोरला : तसं नाही रे. तेव्हा माणूस एवढा विचार करत नाही. दिवस ढकलायचा असतो.

धाकटा : मला हाक का नाही मारलीस?

थोरला : मारली होती.

धाकटा : मला नाही ऐकू आली.

थोरला : हळू मारली. साहेब शेजारी उभे होते. बारक्या, पाणी घे जरा.

धाकटा : हात लावू नकोस मला. आणि चौकशीला पेडल घट्ट होतं ते?

थोरला : त्याच संध्याकाळी साहेबांनी दुसऱ्या, नव्या जीपचा सिलिंडर काढून हिला बसवायला लावला. तो नवाकोरा, चकाकणारा. सगळ्या मळात तो एकटाच उठून दिसला असता. म्हणून अख्खं इंजिन धुतलं मी. तास दीड तास घासलं. माझ्या आयुष्यात एवढं चांगलं इंजिन मी कधी धुतलं नाही.

धाकटा : साक्षीदार धुतलास.

थोरला : गोल पुसायला गेलो, तर हात उठेना. म्हणून ग्रीस थापलं. इन्स्पेक्टर ग्रीसला हात लावत नाहीत, कपडे खराब होतात.

धाकटा : सगळा विचार करून ठेवलेला. आणि मग माझ्या शेजारी येऊन उभा राहिलास, खांद्यावर हात ठेवून. ‘पाय चुकला असेल.’

थोरला : दोघंही आत गेलो असतो. तू ड्रायव्हर, मी फोरमन. आईकडे कोण बघणार होतं? म्हटलं एक तरी बाहेर राहावा. आणि तुला काही मी वाऱ्यावर सोडलं नाही. फाटकावर चिकटवलं, पोरीच्या शिक्षणाला...

धाकटा : शिक्षणाचं बोलू नकोस. ‘एक तरी’ म्हणजे तू. नेहमी तूच. लहानपणी पतंग एकच असला तरी तूच.

थोरला : शिव्या दे, पण खालच्या आवाजात दे.

धाकटा : तुला ठाऊक आहे मी काय केलं इतकी वर्षं? खुर्चीत बसलो की पाय हलवून बघायचो. हा उजवा, हा डावा. घरात कुणी नसलं की डोळे मिटून दाबून बघायचो, कुठला आधी जातो. माझ्या पायावर माझाच विश्वास उरला नाही. रस्ता ओलांडताना पोरीचा हात धरायला भ्यायलो मी. आणि शेवटी शेवटी तर मला तळाला गेलेलं पेडल आठवायचंही बंद झालं. तुम्ही सगळे म्हणता त्या अर्थी क्लचच असेल, असं मीच मला पटवलं.

थोरला : मी रोज...

धाकटा : तू रोज काय? जेवलास, झोपलास. त्या बाईच्या दारात दर रविवारी मी जात होतो. तिचं सामान आणून द्यायला, गॅसची टाकी लावायला. कुबडी घेऊन दार उघडायची. पहिली सहा वर्षं एक शब्द बोलली नाही. मग एक दिवस म्हणाली, भाऊ, बसा, चहा घ्या. गेल्या साली जायच्या आधी माझा हात धरला तिने. म्हणाली, मी तुम्हाला कधीच माफ केलंय, जिवाला लावून घेऊ नका. ढसाढसा रडलो मी तिथे. दादा, ती तुझी माफी होती. मी घेऊन बसलो.

थोरला : मला नव्हतं माहीत, तू जातोस.

धाकटा : तुला कशाला माहीत असेल? तू ग्रीस बघत होतास.

(फाटक वाजतं. स्कूटर बंद होते. मुलगी हातातली पेटी पायरीवर ठेवते.)

मुलगी : काय हे, भांडताय की धुताय? कोपऱ्यापर्यंत आवाज येतोय. काका, बीपीची गोळी घेतलीत का?

थोरला : घेतली, घेतली. झालंच बघ. वाळली की तुझीच. तू आत जा, काकू चहा देईल.

मुलगी : चहा नंतर. आधी माझी जीप बघते. बाबा, तुमचा चेहरा का असा? डोळ्यात गेलं का काही?

धाकटा : गेलं.

मुलगी : चष्मा लावायला काय होतं? बघू. लाल झालेत. अरे वा, पण धुतलंत मात्र फक्कड! एवढा एकच कोपरा राहिलाय. द्या तो कपडा, मी पुसते.

थोरला : हो, पुस. पुसून टाक पोरी. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मुलगी : हे पिवळं काय आहे?

थोरला : काही नाही. वर्कशॉपची जुनी खूण असते. अशा पन्नास असतात गाडीवर. त्याला काही अर्थ नसतो.

धाकटा : दादा.

थोरला : काय?

धाकटा : काही नाही. म्हटलं, आज कुणी साहेब शेजारी उभे नाहीत.

मुलगी : कुठले साहेब? तुम्ही दोघं कोड्यात काय बोलताय? आणि इथे तर तारीख आहे. अकरा... बाबा, हे साल? हा महिना?

धाकटा : वाच.

मुलगी : अपघात तेरा तारखेला झाला होता. आमच्या घरात तेरा तारखेला आई अजून कुणाला गाडीत बसू देत नाही, मला चांगलं पाठ आहे. हे त्याच्या दोन दिवस आधीचं आहे. आणि जागा ब्रेकची आहे. काका, या खुणेला अर्थ काय असतो?

थोरला : सांगितलं ना...

मुलगी : खरं सांगा. मी रोज न बोलणाऱ्या जनावरांच्या तोंडाकडे बघून आजार ओळखते. तुम्ही तर बोलताय.

थोरला : गळतीची खूण असते ती.

मुलगी : कुणी काढली?

थोरला : मी.

मुलगी : आणि दुरुस्त?

थोरला : नव्हती झाली. तुझ्या बाबाने गाडी नेली तेव्हा नव्हती झाली. नंतर केली, रातोरात. त्याचा पाय चुकला नव्हता.

मुलगी : मी सात वर्षांची होते. शाळेत एका मुलीने विचारलं, तुझ्या बाबांनी बाईचा पाय तोडला ना? मी घरी येऊन बाबांना विचारलं, तुम्ही असं का केलंत? तुम्ही तिथेच बसला होतात, काका. बाबांच्या शेजारी. तुम्ही मला चॉकलेट दिलंत.

थोरला : आठवतंय मला.

मुलगी : नंतर मी त्यांच्यासोबत सायकलवरही बसायला भ्यायचे. ते सोडायला आले की मी म्हणायचे, मी चालत जाते. बाबा, मी कारण कधी सांगितलं नव्हतं तुम्हाला.

धाकटा : कळत होतं गं.

मुलगी : काका, मग ही खूण तुम्ही पुसली का नाहीत? सगळं धुतलंत, एवढीच का ठेवलीत?

थोरला : हात नाही उठला. वाटायचं, कधीतरी कुणीतरी बघेल. विचारेल मला. म्हणून तर भंगारातून आणली गाडी, दुसऱ्याकडे जाऊ दिली नाही. कुणीतरी विचारावं म्हणूनच ठेवली होती ती.

मुलगी : मग वर ग्रीस कशाला लावलंत?

धाकटा : राहू दे गं.

थोरला : बारक्या, मी लिहून देतो. कारखान्याला देतो, तू म्हणशील तिथे देतो. सही करतो.

धाकटा : कारखाना बंद होऊन चार वर्षं झाली. साहेब गेले. आई गेली. ती बाई गेली. कुणाला वाचून दाखवायचं तुझं पत्र? वॉचमनच्या खुर्चीला?

थोरला : मग मी करू काय? तूच सांग. पाया पडू?

धाकटा : गुडघे दुखतील तुझे.

थोरला : डबीत अजून पिवळा रंग आहे. मी काट मारतो त्याच्यावर. तुमच्या दोघांसमोर, याच हाताने. नीट नाही यायची, पण मारतो.

धाकटा : दुरुस्त झालं की काट मारायची. तुझीच पद्धत ना? मग राहू दे ती तशीच. पुसायची नाही, झाकायची नाही. आणि वहिनीला आजच सांगायचं. पाहुण्यांसमोर ती काय बोलते ते मी पुष्कळ ऐकलं, आता तू ऐक तिचं.

मुलगी : बाबा, मला नको ही जीप. मी हप्त्याने दुसरी घेईन.

धाकटा : ने तू. तिने काय केलंय? तिने तर बिचारीने दोन दिवस आधी सांगितलं होतं. ब्रेक मात्र दुसऱ्या गॅरेजात दाखवून घे, आजच्या आज. काकांनी सांगितलं म्हणून नको विश्वास ठेवू.

मुलगी : ठीक आहे. आता काय करायचं राहिलंय?

धाकटा : कोरड्या कपड्याने पुसायचं. पिशव्या सोडायच्या. त्या वहिनीच्या आहेत, परत दोरीवर टाक. मग बॅटरी. आधी लाल, मग काळी. मग दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, आतलं पाणी उडून जातं.

थोरला : बॉनेट उघडं ठेव तेव्हा.

धाकटा : आम्हाला माहीत आहे.

मुलगी : लाल लावली. काळी लावली. चालू करू?

धाकटा : कर.

मुलगी : झाली! पहिल्या झटक्याला. बाबा, ऐका, आवाज किती साफ आहे.

धाकटा : साफ आहे.

थोरला : बारक्या, मी आत जाऊन बसतो जरा.

धाकटा : जा.

मुलगी : बाबा, इकडे या. बसा इथे, माझ्या जागेवर. मी शेजारी बसते. ब्रेक दाबून बघा आधी. कसा आहे?

धाकटा : घट्ट आहे.

मुलगी : मग चला. नुसतं कोपऱ्यापर्यंत. मला सोडा ना आज, तुम्ही सोडा. मी नाही चालत जाणार.

धाकटा : नको गं. सरक, तू बस इथे.

मुलगी : का? आता तर कळलंय ना सगळं. तुमचा पाय चुकला नव्हता.

धाकटा : तेव्हा नव्हता. आता चुकेल.